सिप्रोफ्लॉक्सासिन लागू का पडत नाही? साल्मोनेलातील प्रतिरोधाचे जनुकीय कारण कसे शोधावे

कोंबडीच्या मांसातून, अंड्याच्या कवचावरून किंवा जुलाबाच्या रुग्णाच्या शौचनमुन्यातून साल्मोनेला वेगळा केला, त्याच्यावर डिस्कची चाचणी लावली आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकापुढे ‘प्रतिरोधी’ असा शेरा लिहिला, की बहुतेक प्रयोगशाळांचे काम तेथेच थांबते. औषध लागू पडत नाही, एवढेच त्या शेऱ्यातून कळते. ते का लागू पडत नाही याचे उत्तर जिवाणूच्या डीएनएत असते आणि ते मुख्यतः दोन प्रकारचे असू शकते. जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातील एखादे अक्षर बदललेले असते, किंवा संरक्षण देणारे जनुक प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वलयावर) बसून दुसऱ्या जिवाणूकडून आलेले असते. पहिला बदल त्या जिवाणूच्या वंशजांतच प्रामुख्याने उतरतो. दुसरा आतड्यात शेजारी राहणाऱ्या ई. कोलायलाही मिळू शकतो. म्हणून हा फरक शोधणे कष्टाचे असले तरी आवश्यक आहे. (‘माझ्या अंगाला आता या गोळीची सवय झाली’ असे आपण सहज म्हणतो. अंगाला सवय होत नसते. बदललेला असतो तो जिवाणू.)

हे मार्गदर्शन सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, पशुवैद्यक महाविद्यालयांतील संशोधक आणि अन्नचाचणी प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून साल्मोनेला आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही जोडी घेतली आहे, कारण या एका जोडीत प्रतिरोधाचे जवळजवळ सगळे मार्ग पाहायला मिळतात. सगळे काम दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या सोयी असलेल्या प्रयोगशाळेतच करावे.

प्लेट नीट वाचली तर अर्धे उत्तर मिळते

आधी कल्चर शुद्ध असल्याची खात्री करावी. एकाच प्लेटवरच्या दोन वसाहती दोन वेगळ्या वाणांच्या निघाल्या, तर पुढे सापडलेले जनुक कोणाचे हे ठरवता येत नाही. एक सुटी वसाहत घेऊन ती पुन्हा दोन वेळा रेषण करून वाढवावी, जैवरासायनिक चाचण्या व सिरमने ओळख पक्की करावी आणि मगच पुढे जावे. ज्या वसाहतीची चाचणी केली तिचेच कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर साठवावे आणि पुढचा प्रत्येक प्रयोग त्याच कुपीतून सुरू करावा.

डिस्क चाचणीसाठी म्युलर-हिंटन आगर 4 मिलिमीटर जाडीचा ओतावा, जिवाणूंचे द्रावण 0.5 मॅकफारलंड (गढूळपणाचे प्रमाण) इतके गढूळ करावे आणि प्लेट 35 अंशांवर 16 ते 18 तास ठेवावी. सोबत ई. कोलाय एटीसीसी 25922 हे नियंत्रक वाण त्याच दिवशी, त्याच आगरवर लावावे. त्याचा झोन, म्हणजे डिस्कभोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ, ठरलेल्या मर्यादेत आला नाही, तर त्या दिवशीचा एकही निकाल वापरू नये, मग तो कितीही मनासारखा असो.

केवळ सिप्रोफ्लॉक्सासिनची डिस्क लावून भागत नाही. 30 मायक्रोग्रॅमची नॅलिडिक्सिक आम्लाची, 5 मायक्रोग्रॅमची सिप्रोफ्लॉक्सासिनची आणि 5 मायक्रोग्रॅमची पेफ्लॉक्सासिनची अशा तिन्ही डिस्क लावाव्यात. त्याशिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनची किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने मोजावी. साल्मोनेलासाठीची मर्यादा इतर आंत्रजिवाणूंपेक्षा कडक आहे. अमेरिकी सीएलएसआय मानकानुसार 0.06 मिग्रॅ प्रति लिटर किंवा त्याहून कमी एमआयसी असेल तरच वाण संवेदनशील, 0.12 ते 0.5 असेल तर मध्यम आणि 1 किंवा अधिक असेल तर प्रतिरोधी मानले जाते. युरोपीय मानकात तर 0.06 च्या वर गेलेले प्रत्येक वाण प्रतिरोधी ठरते. ई. कोलायचा तक्ता उघडून साल्मोनेलाचा निकाल लावण्याची चूक आजही होते. ई. कोलायसाठी 0.25 पर्यंत संवेदनशील मानले जाते, त्यामुळे ज्या साल्मोनेलात पहिले उत्परिवर्तन झालेले आहे तो या तक्त्यातून सुखरूप निसटतो.

आता तिन्ही डिस्क एकत्र वाचाव्यात, कारण खरी गंमत तेथेच आहे. नॅलिडिक्सिक आम्लाभोवती झोन अजिबात नाही आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी 0.12 ते 0.5 च्या दरम्यान आहे, असे चित्र दिसले तर गुणसूत्रावरील जायर-ए या जनुकात एक बदल झाला असण्याची शक्यता मोठी असते. याउलट नॅलिडिक्सिक आम्लाचा झोन जवळपास शाबूत आहे, पण सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी मात्र 0.25 ते 1 पर्यंत चढलेली आहे, असे विसंगत वाटणारे चित्र दिसले तर प्लाझ्मिडवरच्या क्यूएनआर जनुकाचा संशय घ्यावा. सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी 4 किंवा त्याहून वर गेली असेल, तर एका बदलाने ते घडत नाही. जायर-एमध्ये दोन आणि गुणसूत्रावरील पार-सी या दुसऱ्या जनुकात एक असे बदल साचलेले असण्याची दाट शक्यता असते.

नॅलिडिक्सिक आम्लाची डिस्क अनेक वर्षे सिप्रोफ्लॉक्सासिनबद्दलची घटलेली संवेदनशीलता ओळखण्यासाठी एकटीच वापरली जात होती. क्यूएनआर जनुके पसरली तसा तिचा भरवसा कमी झाला आणि पेफ्लॉक्सासिनची डिस्क पुढे आली. तिचा झोन 24 मिलिमीटरपेक्षा कमी भरला की वाण प्रतिरोधी समजावे. मात्र तिलाही एक फट आहे. एएसी-6-आयबी-सीआर नावाचे एक विकर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पिपेराझिन वलयातील मोकळ्या नायट्रोजनवर ॲसिटिल गट चिकटवून औषध दुबळे करते. पेफ्लॉक्सासिनमध्ये त्याच जागी मिथिल गट आधीच बसलेला असल्यामुळे विकराला हात घालायला जागाच उरत नाही, आणि डिस्क ‘सारे ठीक’ असे सांगते. म्हणून तिन्ही डिस्क आणि एमआयसी एकमेकांना धरून वाचायच्या असतात.

जायर-ए आणि पार-सी: अक्षर कोठे बदलले ते पाहणे

सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या गटात येते ती फ्लुरोक्विनोलोन औषधे डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज-4 या दोन विकरांना धरतात. जायर-ए हे गायरेजच्या एका उपघटकाचे जनुक, तर पार-सी हे टोपोआयसोमरेज-4 च्या एका उपघटकाचे. ही विकरे डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी तो क्षणभर कापतात आणि पुन्हा जोडतात. औषध नेमके कापलेल्या अवस्थेत त्यांना अडकवून ठेवते. ज्या जागी औषध टेकते, तेथील अमिनो आम्ल बदलले की पकड सुटते. गायरेजच्या ए उपघटकात ही जागा 67 ते 106 या क्रमांकांच्या अमिनो आम्लांदरम्यान येते आणि साल्मोनेलातील बहुतेक बदल 83 व 87 या दोन क्रमांकांवर सापडतात.

डीएनए काढण्यासाठी महागडा किट लागत नाही. दोन-तीन वसाहती निर्जंतुक पाण्यात घोळून 10 मिनिटे उकळत्या तापमानाला ठेवाव्यात, सेंट्रिफ्यूज कराव्यात आणि वरचे द्रावण पीसीआरला वापरावे. प्रायमर प्रकाशित आणि तपासलेलेच घ्यावेत, आणि ते साल्मोनेलाच्या क्रमाशी जुळतात की ई. कोलायच्या, हे मागवण्यापूर्वी पाहावे. प्रत्येक वेळी एक संवेदनशील वाण आणि एक डीएनएविरहित नळी सोबत चालवावी. पीसीआरची पट्टी जेलवर दिसली म्हणजे उत्तर मिळाले असे येथे होत नाही, कारण जायर-ए प्रत्येक साल्मोनेलात असतेच. पट्टी शुद्ध करून सँगर पद्धतीने दोन्ही दिशांनी क्रम वाचून घ्यावा आणि क्रोमॅटोग्रामची शिखरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. सॉफ्टवेअरने भरलेल्या अक्षरांवर डोळे मिटून विसंबू नये.

संवेदनशील साल्मोनेलात 83 व्या जागी टीसीसी हा कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीचा तीन अक्षरांचा संच) असतो आणि तो सेरीन देतो. मधले सी जाऊन टी आले, तर टीटीसी होऊन फेनिलॲलानिन बनते. ए आले, तर टीएसी होऊन टायरोसीन बनते. जनुकाच्या सुरुवातीपासून मोजल्यास हे 248 वे अक्षर. 87 व्या जागी जीएसी म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल असते. तेथे ॲस्पराजीन, ग्लायसीन किंवा टायरोसीन आलेले आढळते. ई. कोलायमध्ये 83 चा कोडॉन टीसीजी असल्यामुळे त्याच ठिकाणचा तोच बदल ल्युसीन देतो. म्हणजे एका जातीचा तक्ता दुसरीला लावला तर वाचनच चुकते. मिळालेला क्रम त्याच सिरोवारच्या (सिरम चाचणीने ठरणाऱ्या उपप्रकाराच्या) संवेदनशील वाणाशी जुळवून पाहिला, तर हा घोटाळा टळतो.

पार-सीमध्ये 80 व्या जागचे सेरीन जाऊन आयसोल्युसीन येणे हा बदल अर्थपूर्ण आहे आणि तो बहुधा जायर-ए आधी बदलल्यानंतरच दिसतो. 57 व्या जागी थ्रिओनीनऐवजी सेरीन सापडले, तर मात्र हुरळून जाऊ नये. हा बदल अनेक सिरोवारांमध्ये पूर्णपणे संवेदनशील वाणांतही असतो. एखाद्या प्रबंधात केवळ याच बदलाला प्रतिरोधाचे कारण ठरवलेले दिसले, की त्या प्रयोगात संवेदनशील वाण तुलनेला घेतले होते का, ही शंका मला पहिल्यांदा येते.

बदल साचत गेले की काय होते, याचा धडा साल्मोनेला केंटकीच्या एसटी-198 या वंशाने घालून दिला. 2002 मध्ये इजिप्तमध्ये प्रवास करून परतलेल्या एका फ्रेंच पर्यटकात सिप्रोफ्लॉक्सासिनला जोरदार प्रतिकार करणारे हे वाण सापडले आणि पुढे आफ्रिका व मध्यपूर्वेत, तसेच कोंबड्यांमध्ये पसरल्याचे दिसून आले. जायर-एमधील 83 आणि 87, तसेच पार-सीमधील 80, अशा तिन्ही जागा त्यात बदललेल्या असतात. शिवाय साल्मोनेला जनुकीय बेट-1 या तुकड्याचे एक रूपही गुणसूत्रात बसलेले असते, ज्यावर इतर औषधांविरुद्धची जनुके एकगठ्ठा येतात. असे वाण समोर आले की एका औषधाचे कारण शोधून थांबता येत नाही.

बाहेरून आलेली जनुके

जायर-ए शाबूत निघाले आणि तरीही एमआयसी चढलेली असेल, तर एकाच वेळी अनेक जनुके शोधणाऱ्या मल्टिप्लेक्स पीसीआरने क्यूएनआर-ए, क्यूएनआर-बी व क्यूएनआर-एस, शिवाय एएसी-6-आयबी-सीआर, क्यूईपी-ए आणि ओक्यूएक्स-एबी शोधावेत. क्यूएनआर प्रथिन गायरेजच्या जवळ बसून औषधापासून तिचे रक्षण करते. 1998 मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील क्लेब्सिएलाच्या एका वाणात हा प्रकार प्रथम वर्णिला गेला आणि प्लाझ्मिडवरून क्विनोलोनचा प्रतिरोध येऊच शकत नाही, हा तोवरचा समज मोडला. ओक्यूएक्स-एबी हा औषध बाहेर उपसून टाकणारा पंप आहे. तो डुकरांच्या विष्ठेतील ई. कोलायमध्ये, डुकरांना वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या ओलाक्विंडॉक्सच्या संदर्भात सापडला. माणसाला कधी न दिलेल्या औषधामुळे टिकून राहिलेले जनुक माणसाच्या औषधाला कसे निष्प्रभ करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

एएसी-6-आयबी-सीआरच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. त्याचा मूळ प्रकार अमिनोग्लायकोसाइड औषधांविरुद्ध काम करतो आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला हात लावत नाही. दोन अमिनो आम्लांचा बदल झाल्यावरच तो ‘सीआर’ ठरतो. पीसीआरची पट्टी दोघांचीही सारखीच येत असल्यामुळे क्रम वाचल्याशिवाय हे नाव लिहू नये.

जनुक सापडले तरी ते हस्तांतरणक्षम प्लाझ्मिडवर आहे, हे सिद्ध व्हायला कॉन्जुगेशनचा, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात प्लाझ्मिड जाऊ देण्याचा, प्रयोग करावा लागतो. सोडियम अझाइडला न जुमानणारे ई. कोलाय जे-53 ग्राहक म्हणून घ्यावे, दाता व ग्राहक एकत्र वाढवावेत आणि अझाइड व प्रतिजैविक दोन्ही असलेल्या आगरवर पसरावेत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी घ्यावी आणि ग्राहक म्हणून रोगकारक वाण कधीही निवडू नये. येथे नवख्याची एक ठरलेली फसगत होते: निवडीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनच वापरले, तर ग्राहकातच आपोआप जायर-ए बदललेल्या वसाहती उगवतात आणि प्लाझ्मिड आल्याचा भास होतो. त्याच प्लाझ्मिडवर ॲम्पिसिलिन किंवा सेफोटॅक्सिमविरुद्धचे जनुक असेल, तर निवड त्या औषधावर करावी. ग्राहकावर काहीच उगवले नाही म्हणून लगेच ‘हस्तांतरण होत नाही’ असे लिहू नये. एचआय गटातील मोठे प्लाझ्मिड 37 अंशांवर नीट हलत नाहीत. तोच प्रयोग 25 ते 28 अंशांवर पुन्हा करून पाहावा. मिळालेल्या वसाहतीची एमआयसी मूळ जे-53 शेजारी मोजावी आणि जनुकाची पीसीआर तिच्यावर पुन्हा करावी. पट्टी आली, पण एमआयसी हललीच नाही, तर कारण अजून हाती लागलेले नाही असे समजावे.

पूर्ण जीनोम वाचून घेतल्यावर

हल्ली अनेक ठिकाणी हे टप्पे ओलांडून थेट जीनोम वाचून घेतला जातो, आणि खर्च परवडत असेल तर ते योग्यही आहे. रेसफाइंडर, पॉइंटफाइंडर, एएमआरफाइंडरप्लस किंवा कार्ड यांपैकी एखाद्या साधनात क्रम टाकला की काही मिनिटांत जनुकांची यादी येते. अडचण यादी वाचण्यात आहे. साल्मोनेलाच्या जवळपास प्रत्येक जीनोममध्ये रेसफाइंडर एएसी-6-आयएए हे अमिनोग्लायकोसाइडविरोधी जनुक दाखवतो. ते गुणसूत्रावर जन्मजात असते, सुप्त असते आणि त्यामुळे औषधाचा प्रतिरोध येत नाही. ई. कोलायमध्ये एमडीएफ-ए चे तसेच आहे. ही नावे तक्त्यात घालून ‘100 टक्के वाणांत बहुऔषध-प्रतिरोधी जनुके’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो, तेव्हा प्लेटवरचा झोन कोणी पाहिला नाही हे उघड होते.

साधनाची मर्यादाही ठरवून घ्यावी. रेसफाइंडर मुळात 90 टक्के साम्य आणि 60 टक्के लांबी एवढ्यावर जनुक ‘सापडले’ असे म्हणतो. लांबीचा उरलेला भाग तुटलेला असू शकतो, म्हणून संपूर्ण जनुक आहे की नाही ते उघडून पाहावे. पॉइंटफाइंडरला जातीचे नाव बरोबर दिले नाही, तर जायर-एमधील बदल यादीत येणारच नाहीत. इल्युमिनाच्या छोट्या वाचनांतून प्लाझ्मिडचे तुकडे होतात, कारण आयएस-26 सारखे पुन्हा पुन्हा येणारे भाग जोडणी तोडतात. जनुक प्लाझ्मिडवर आहे की गुणसूत्रावर, हे सांगायचे असेल तर नॅनोपोरसारखे लांब वाचन सोबत घ्यावे. एकाच तुकड्यावर प्लाझ्मिडची ओळख आणि जनुक दोन्ही दिसत नसतील, तर ‘प्लाझ्मिडजन्य’ हा शब्द वापरू नये.

जिवाणू बदलला की वाट बदलते

वरची पद्धत कॅम्पिलोबॅक्टरला तशीच लावता येत नाही. तो 42 अंशांवर आणि 5 टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत वाढतो, चाचणीच्या आगरात रक्त घालावे लागते आणि पार-सी हे जनुक त्याच्यात नसतेच. त्यामुळे पायऱ्या-पायऱ्यांनी चढण्याची भानगड नाही: जायर-एमधील 257 वे अक्षर सीऐवजी टी झाले, 86 व्या जागचे थ्रिओनीन आयसोल्युसीन बनले, की एवढ्या एका बदलाने सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी होते. शिवाय 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे प्रतिरोधी वाण औषध न देताही कोंबड्यांच्या आतड्यात संवेदनशील वाणांवर मात करताना दिसले. अमेरिकेने कोंबड्यांमध्ये एन्रोफ्लॉक्सासिन हे त्याच गटातील औषध वापरण्याची परवानगी त्याच वर्षी मागे घेतली. औषध थांबवले की प्रतिरोध आपोआप ओसरतो, असे गृहीत धरून निरीक्षणाचा आराखडा आखू नये, तो यामुळेच.

कोलिस्टिनच्या बाबतीत तर पहिलीच पायरी वेगळी आहे. हे औषध आगरमध्ये नीट पसरत नाही, म्हणून डिस्कचा निकाल भरवशाचा नसतो. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करावे. प्लाझ्मिडवरील एमसीआर-1 हे जनुक चीनमधील डुकरे, मांस आणि रुग्ण यांच्यातील ई. कोलायमध्ये सापडल्याचे नोव्हेंबर 2015 मध्ये जाहीर झाले, आणि भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. साल्मोनेला एन्टेरिटायडिसची कोलिस्टिन एमआयसी मात्र कोणतेही एमसीआर जनुक नसताना थोडी चढी असते. कोंबडीच्या नमुन्यांत हाच सिरोवार वारंवार भेटत असल्यामुळे सिरोवार ठरवल्याशिवाय एमसीआरचा शोध सुरू करण्यात अर्थ नाही.

अहवाल लिहिताना

प्रत्येक वाणापुढे झोन, एमआयसी, सिरोवार, सापडलेला बदल आणि तो कोणत्या पद्धतीने सापडला, हे सलग लिहावे. जनुक आहे पण औषध लागू पडते, किंवा औषध लागू पडत नाही पण जनुक सापडत नाही, अशी न जुळणारी वाणे वगळू नयेत. त्यांची वेगळी यादी करावी. दुसऱ्या प्रकारात औषध उपसणाऱ्या पंपाचा सहभाग तपासावा: पंप रोखणारे पीएबीएन हे रसायन मिसळून एमआयसी पुन्हा मोजावी, ती चार पट किंवा अधिक उतरली तर पंपाचा वाटा आहे असे मानता येते, आणि मग एसीआर-एबी पंपाला आवर घालणाऱ्या रॅम-आर या जनुकाचा क्रम वाचावा. साल्मोनेला अमिनोग्लायकोसाइड किंवा पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनला प्लेटवर संवेदनशील दिसला, तरी रुग्णाच्या अहवालात तसे लिहू नये. शरीरात ही औषधे त्याच्यावर चालत नाहीत.

अहवाल दिल्यानंतर उणे 80 अंशांवरची कुपी टाकून देऊ नये. आगरच्या तिरक्या नळीवर महिनोन्‌महिने पुनःपुन्हा वाढवलेल्या वाणातून प्लाझ्मिड गळून जाऊ शकतो, आणि वर्षभराने कोणी तेच वाण मागितले तर नळीतल्या जिवाणूत ते जनुक उरलेलेच नसते. कुपीवर वाणाचा क्रमांक, गोठवल्याची तारीख आणि आतापर्यंत किती वेळा पुनर्वाढ केली तो आकडा, तिन्ही लिहावेत.